माथ्यावरचा खांब

टोमॅटोला पहिली लाली चढली त्याच आठवड्यात मार्केट यार्डानं नियम बदलला. आता माल नुसता नेऊन फाटकाशी उभा करायचा नाही. आधी इंटरनेटवरून नंबर काढायचा आणि ज्याचा नंबर लागेल त्याचीच गाडी आत. नंबर रोज सकाळी उघडणार, संपले की बंद. ज्याला मिळाला नाही त्यानं माल घरी ठेवावा, गुरांना घालावा नाहीतर स्वतःच्या डोक्यावर ओतून घ्यावा. यार्डाला त्याचं देणंघेणं नाही.

गाव खळग्यात होतं. चारी बाजूंनी टेकड्या आणि मधे वाटीच्या तळाला गाळ बसावा तशी घरं. मोबाईलला रेंज यायची ती माथ्यावर चढलं तर, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. खाली गावात इंटरनेट होतं ते एकाच जागी, वायरमनच्या खोलीत.

वायरमन पूर्वी टेलिफोन खात्यात खांबावर चढायचा. घराघरांतले फोन मुके झाले, खात्यानं तारा गुंडाळल्या आणि तारांबरोबर त्यालाही गुंडाळून घरी पाठवलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या बायकोला सगळे वायरमनीण म्हणायचे. सासूबाईसुद्धा रागात असल्या की सूनबाई म्हणायचं विसरून तेच म्हणायच्या.

गोठ्याला लागून असलेल्या खोलीत त्यानं सहा जुनी मशिनं मांडली होती. शहरातल्या कुठल्याशा कचेरीनं भंगारात काढलेली. एकाची मेमरी दुसऱ्याला, दुसऱ्याचा पंखा तिसऱ्याला असं करत त्यानं ती उठवली होती, आणि त्यांवर मोकळी सिस्टीम टाकली होती. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणाच्या मालकीची नसलेली, मागेल त्याला मिळणारी. माथ्यावर एक लोखंडी खांब उभा केला होता. खांबावरची छत्री शहरातल्या त्याच्या जुन्या जोडीदाराच्या गच्चीवरून इंटरनेट पकडायची आणि खाली खोलीत सोडायची. शहराकडं नजर जाईल असा तेवढा एकच माथा, आणि तो थोरल्या भावाच्या वाट्याचा होता. भावानं तेव्हा हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

सकाळी गोठा झाडून झाला की वायरमनीण हात धुऊन मशिनं झाडायला घ्यायची. डब्याचं झाकण उघडायचं, रंगाच्या ब्रशानं कोपऱ्यातली धूळ काढायची, पंख्याच्या पात्यांना चिकटलेला भुसा बोटानं सोडवायचा. गोठ्यातला भुसा कितीही दार लावलं तरी आत यायचाच. उन्हाच्या दिवसांत ती मशिनं पलीकडच्या म्हशीसारखी धापा टाकायची. पलीकडे एक धाप, अलीकडे सहा. अक्षरं ती अजून शोधून शोधून दाबायची, पण आकडे मात्र तिच्या बोटांवर बसले होते.

नियम लागू झाला त्या सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी आला होता, कारण त्याचंही अर्धं वावर टोमॅटोचं होतं. कालव्याचं पाणी वाटणारा पाटकरी आला होता. शेजारच्या मामी दारातच बसून होत्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच मळा करायच्या.

"नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडं मशीन चालू केलं की निळं चित्र येतं. तुझ्याकडं का येत नाही?" न्हाव्यानं विचारलं.

"ते विकतचं असतं," वायरमन म्हणाला. "आणि त्याच्याकडचं तर चोरीचं आहे. कुणाची तरी कॉपी मारलेली."

"आणि तुझं?"

"माझं मोकळं आहे. उघडून बघा, दुरुस्त करा, चार जणांना वाटा. कुणी विचारणार नाही."

"फुकट ते पौष्टिक, मान्य," न्हावी म्हणाला. "पण फुकटच्या गोष्टीला मालक नसतो. उद्या बिघडलं तर कुणाची गचांडी धरायची?"

"मालक असून तरी कुठं धरता येते?" पाटकरी म्हणाला. "यार्डाला मालक आहे की. जा, धर." मग तो आपल्या विषयावर आला. "नेट म्हणजे काय, पाण्याच्या पाळीसारखंच आहे. वरच्यानं दार उघडं टाकलं की खालच्याला नुसता ओलावा. हे शहरवाले सकाळी उठून सिनेमे बघत बसतात, मग आपल्याकडं काय येणार?"

"माझा नंबर काढ बाई आधी," मामी दारातून म्हणाल्या. "पाणी मागनं वाटा."

वायरमनिणीनं मामींचा नंबर काढला, मग न्हाव्याचा, मग पाटकऱ्याचा. पान हळूहळू उतरायचं, वरून खाली, भिंतीवरून ओल उतरावी तसं. पण उतरायचं. त्या दिवशी गावातल्या बहुतेकांना नंबर मिळाले. मामींनी जाताना मशिनाच्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हातारं आहे, पण कामाला खोटं नाही," म्हणाल्या. वायरमन दिवसभर शीळ घालत हिंडला.

पुढच्या आठवड्यात वारं सुटलं. छत्रीनं तोंड फिरवलं आणि खोलीतली रेंज गेली. नवरा-बायको माथ्यावर चढली. त्याच्या कमरेला खात्यातला जुना पट्टा होता, तिच्या खांद्यावर तारेचं वेटोळं. तो खांबावर चढला आणि ती खाली मोबाईल धरून सांगत राहिली.

"थोडं शहराकडं. अजून. आलं. गेलं. मागं या जरा."

वर त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. पूर्वी तो खांबावर चढायचा तेव्हा खाली उभं राहून बघताना तिला कौतुक वाटायचं. आता ती पोटऱ्यांकडं बघायचं टाळत होती.

थोरला भाऊ शेळ्या घेऊन आला. काठीवर हनुवटी टेकवून तो वर बघत राहिला.

"हे ताट अजून किती दिवस माझ्या डोक्यावर?"

"दादा, छत्री आहे ती. तुझ्या कुठं वाटेत येते?" वायरमन वरूनच म्हणाला.

"काल शेळी गाभडली, पोटातलं करडू गेलं. ही दुसरी."

"उन्हानं गाभडली असेल. पाला उरलाय कुठं?"

"ऊन दरसाल असतं. हे बसल्यापासून गाभडतात. किरणं सोडतं ते. माणसाचं डोकंसुद्धा शिजतं म्हणतात त्यानं."

"मी सारा दिवस त्याच्या खालीच असतो. माझं कुठं शिजलं?"

"तुझं आधीच शिजलेलं आहे," थोरला म्हणाला. वायरमनिणीनं हसू दाबायला तोंड फिरवलं. थोरलाही थोडा हसला. पण तो हलला नाही. भाऊ खाली उतरेपर्यंत थांबला आणि मग जमिनीकडं बघत म्हणाला, "माथा माझा, आणि नाव सगळीकडं तुझं. वायरमननं गावाला नेट दिलं म्हणतात. माझं कुणी काही म्हणत नाही."

वायरमन पाना पुसत राहिला.

"टॉवरवाले येऊन गेले," थोरला म्हणाला. "मोठा टॉवर बसवणार. माथा मोजून नेलाय. भाडं देणार."

"चांगलंच आहे की. सगळ्या गावात रेंज येईल."

"आणि तुझी खोली?"

"खोलीचं काय. लोकांना मिळाल्याशी मतलब."

हे तो इतक्या सहज बोलला की वायरमनिणीला उतरताना सारी वाट तेच आठवत राहिलं. खोली होती म्हणून ह्या माणसाचा दिवस उगवत होता. खात्यातून आला तेव्हा तो कितीतरी महिने खाटेवर पडून छताकडं बघत असायचा. ते छत तिला अजून पाठ होतं.

टोमॅटोचे तोडे आता जोरात सुरू झाले होते. दिवस वर यायच्या आत दोघं मळ्यात शिरायची. सासूबाई बांधावर बसून निवडायच्या. लाल एका बाजूला, कच्चं एका बाजूला, चिरलेलं पायाशी. टोमॅटोच्या पाल्याचा चीक बोटांना लागून लागून काळा थर बसायचा आणि हात धुताना पाणी हिरवं व्हायचं. वायरमनिणीच्या बोटांचे ठसे मशिनाच्या बटनांवर उमटायचे. तीन, सात आणि शून्य ही बटनं सगळ्यात काळी होती.

अशातच यार्डानं आपलं पान बदललं.

नवं पान दिसायला देखणं होतं, वर हसऱ्या माणसाचा फोटो होता. पण नंबर काढायच्या जागी गेलं की एक करडी चौकट यायची. तुमच्या मशिनावर हे चालणार नाही, असं ती सांगायची. यार्डानं त्यात कसलासा वेगळा प्रोग्रॅम जोडला होता आणि तो फक्त विकतच्या सिस्टीमवर चालत होता. वायरमननं सहाही मशिनं पालथी घातली. एका बाजूनं शिरून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. लोक पाठीशी उभे होते. घाम त्याच्या मानेवरून शर्टात उतरत होता.

"होईल," तो म्हणाला. "थोडा वेळ द्या."

"नंबर संपले असतील एव्हाना," पाटकरी म्हणाला.

ते संपलेच होते.

तीन सकाळी असंच झालं. वायरमननं त्या मोकळ्या सिस्टीमवाल्या लोकांना लिहिलं. कुठल्या देशात राहतात, कसे दिसतात, त्याला ठाऊक नव्हतं. पण उत्तर आलं. दूरच्या कुणीतरी आपला वेळ घालवून नीट वाचलं होतं, चार प्रश्न विचारले होते. अडचण समजली आहे, असं लिहिलं होतं, पुढच्या आवृत्तीत सोडवायचा प्रयत्न करू, आणि शेवटी आभार मानले होते. वायरमननं ते बायकोला मळ्यात येऊन सांगितलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघ, ओळख ना पाळख. एक पैसा घेत नाही, आणि आभार मानतो."

वायरमनीण वाकून तोडत होती. तिनं कंबर सरळ केली. "पुढची आवृत्ती कधी येणार?"

"दोन-तीन महिन्यांत."

"टोमॅटो थांबेल का तेवढं?"

तो वाकून पायाशी पडलेला टोमॅटो उचलायला लागला.

"नाक्यावरच्याकडून एका मशिनात ती निळी सिस्टीम भरून आणा," ती म्हणाली. "एकच. बाकीची राहू देत तुमची."

"चोरीचं मी खोलीत आणणार नाही."

"लोकांचा माल नासतोय."

"माझाही नासतोय. मी काय वेगळा आहे का?"

"तेच तर म्हणते," ती म्हणाली आणि परत वाकली. सासूबाई बांधावरून दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. त्यांच्या पायाशी चिरलेल्या टोमॅटोचा ढीग लाल ढिगापेक्षा मोठा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो पाण्याच्या पाळीला गेलेला बघून तिनं एक मशीन सोडवलं. चादरीत गुंडाळलं, कडेवर घेतलं आणि दुधाच्या गाडीत बसून नाक्यावर गेली. गाडीतल्या बायांनी विचारलं, काय आहे म्हणून. "आजारी आहे, डॉक्टरकडं नेते," ती म्हणाली. बाया हसल्या. लोखंडाची कड तिच्या बरगडीला सारा रस्ता टोचत होती.

मोबाईलवाल्याचं दुकान म्हणजे काचेची पेटी होती. आत थंड वारा, बाहेर माणसं. त्यानं तिला बाहेरच उभं केलं. आधी दोन गिऱ्हाइकांचे फोन बघितले, मग चहा घेतला, मग चादर सोडवली. झाकण उघडून त्यानं आत डोकावलं आणि दुकानातल्या बाकीच्यांना बोलावलं.

"या, बघा. घासलेल्या भांड्यासारखं आहे आतून. तारा कशा बांधल्यात, वेणी घातल्यागत." मग तिला म्हणाला, "वायरमनसाहेब तत्त्वाचे ना? मग आज कसं काय?"

"त्यांना काम आहे," ती म्हणाली.

"तत्त्वावर मशीन चालू होतं का, विचारा त्यांना. नाही, तार जोडून बघायला हरकत नाही."

सगळे हसले. वायरमनीणही हसली. हसायला नको होतं हे तिला हसल्यावर कळलं. परतीच्या गाडीत मशीन मांडीवर घेऊन ती बसली होती, तरी तो हसण्याचा आकार तिच्या गालांवरून जाईना.

संध्याकाळी वायरमन खोलीत आला तेव्हा पडद्यावर निळं चित्र होतं. तो दारातच थांबला.

"चोरीचं आहे हे."

"माहीत आहे."

"आपल्या खोलीत."

"तोडा करून माल पडलाय. तत्त्व कॅरेटात भरून नेऊ का यार्डात?" ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की हे आपलं बोलणं नाही, त्या काचेच्या पेटीतलं आहे. पण तोंडातून निघून गेलं होतं.

तो आत आला नाही. गोठ्यात जाऊन म्हशीपुढं वैरण टाकत राहिला. म्हशीनं खाल्ली त्यापेक्षा कितीतरी जास्त टाकली.

मशीन मात्र चाललं. झोकात चाललं. सकाळी पान उघडलं, करडी चौकट आली नाही आणि नंबर निघाले. मामींचा निघाला, न्हाव्याचा निघाला, वायरमनचा स्वतःचाही निघाला. लोक म्हणाले, आधीच हे केलं असतं तर. न्हावी म्हणाला, "शेवटी मालक असलेलंच चालतं. चोरीचं का असेना, मालक आहे ना त्याला." खोलीत पुन्हा गर्दी झाली. पण वायरमन आता तिथं बसेना. तो मळ्यात सुतळी बांधत असायचा. त्या मशिनाला त्यानं बोट लावलं नाही. त्यावरून निघालेल्या नंबरावर मात्र त्यानं आपली प्लॅस्टिकची कॅरेटं गाडीत चढवली. चढवताना त्याची मान खाली होती. ती मान बघून वायरमनिणीला वाटलं, आपण जिंकलो ते नसतो जिंकलो तर बरं होतं.

हे सुख आठवडाभरही टिकलं नाही. एका दुपारी थोरला दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता आणि बरोबर जाऊबाई होत्या. त्या कधी अशा येत नसत.

"टॉवरवाल्यांशी लिहून झालंय," थोरला म्हणाला. "माथ्यावर दुसऱ्या कुणाचा खांब चालणार नाही, अशी अट आहे. तुझा काढून घे."

"काढतो," वायरमन म्हणाला. "तोडे संपू देत. टॉवर उभा राहील तोवर राहू दे."

"त्यांची माणसं उद्या येणार खड्डे घ्यायला."

"खड्डे घेऊ देत. खांब कोपऱ्यात आहे. कुणाला अडतो?"

"मी अंगठा दिलाय," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात माज नव्हता. असता तर भांडता आलं असतं. "शेळ्यांवर आता निभत नाही माझं. गुडघे चालत नाहीत. एवढ्यानं हातात काही येतंय, ते घालवू का?"

"भाऊजी," वायरमनीण म्हणाली, "गावाचा सगळा माल ह्या एका तारेवर आहे. तुमचाही वाफा आहे त्यात."

जाऊबाई म्हणाल्या, "टॉवर आला की सगळ्यांना रेंज येणारच आहे ना? मग दोन दिवसांचा तर प्रश्न."

सासूबाई खाटेवरून उठल्या. थोरल्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला घेऊन गेल्या. काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. थोडा वेळ त्या दोघांची डोकी जवळ होती. मग थोरल्यानं आईचा हात खांद्यावरून हळूच काढला, तिला खाटेपर्यंत आणून बसवलं आणि निघून गेला. म्हातारी म्हणाली, "दोन्ही माझेच. कुणाच्या डोक्यात काय मारू?"

खांब वायरमननं स्वतः काढला. टॉवरवाल्यांच्या माणसांनी हात लावू नये म्हणून तो उजाडताच वर गेला. वायरमनीण बरोबर होती. त्यानं आधी छत्री सोडवली आणि दोरीनं खाली सोडली. मग बोल्ट काढले. एक बोल्ट गंजून बसला होता. त्यावर तो किती वेळ पाना मारत राहिला. शेवटी पाना सटकला आणि त्याच्या बोटांची सालं निघाली. तोवर टॉवरवाल्यांची माणसं येऊन पोचली होती. त्यांच्यातल्या एका कामगारानं कापायचं यंत्र लावलं आणि खांब कापून टाकला. त्याचा बुंधा तसाच राहिला जमिनीत. त्यावरून कुणी अडखळू नये म्हणून वायरमननं भोवती दगड रचले.

टॉवरचं लोखंड भराभर चढलं. लाल-पांढरे पट्टे, चारी बाजूंनी जाळी, जाळीला कुलूप. लोक खालून बघायचे. पाटकरी म्हणायचा, "आता बघा, धो-धो येतंय." मोबाईल घेऊन माथ्यावर जावं तर पहिल्यासारखी तुटकीमुटकी रेंज शोधत फिरायला जागा राहिली नव्हती. चांगली जागा नेमकी जाळीच्या आत गेली होती. मग माणसं पहाटे उठून नाक्यावर जायला लागली. तिथं आधीच चार गावांची रांग असायची. मोबाईलवाला आपल्या ओळखीचे नंबर आधी काढायचा. ह्या गावाची पाळी येईपर्यंत नंबर संपलेले असायचे.

आणि माल तर पिकत होता. ते ऊन, ते कोरडं वारं, टोमॅटो दिवसाला दोन दिवसांचा पिकत होता. आज लाल, उद्या मऊ, परवा पाणी. न तोडावा तर वेल कुजते, तोडावा तर ठेवायचा कुठं. लोकांनी खळ्यावर, अंगणात, ओट्यावर पसरला. मग रस्त्याच्या कडेला ओतायला सुरुवात झाली. गुरांनी पहिले दोन दिवस खाल्ला, तिसऱ्या दिवशी तीही तोंड फिरवायला लागली. गावभर आंबूस वास. माश्या इतक्या की जेवताना एका हातानं खायचं आणि एका हातानं वारायचं.

मामींनी आपला सगळा मळा उपटला. एकटीनं. वायरमनीण मदतीला गेली तर म्हणाल्या, "नको, तुझं तू बघ." आवाज कोरडा होता. थोड्या वेळानं, वेल ओढता ओढता, त्याच म्हणाल्या, "त्यानं खांब काढायला नको होता. काही झालं तरी. आडवा पडायचा तिथं."

"भावाची जागा होती, मामी."

"गावाचं काम होतं."

गावानं थोरल्याला काही म्हटलं नाही. त्याच्या माथ्यावर टॉवर होता, उद्या त्याच्याकडंच जावं लागलं असतं. बोलणं सारं वायरमनच्या वाट्याला आलं. कुणी म्हणालं, आधी फुकटच्या मशिनांच्या नादात आठवडा घालवला. कुणी म्हणालं, भावाशी आतून मिळालेला आहे. न्हाव्यानं त्याची दाढी करताना एक शब्द काढला नाही, आणि न्हावी गप्प राहणं ह्यासारखी शिवी नाही. एका सकाळी खोलीच्या दाराला सडके टोमॅटो फेकून मारलेले होते. रस ओघळून उंबऱ्याखालून आत गेला होता. वायरमननं पाणी आणून दार धुतलं. वायरमनीण फडकं घेऊन आली तर तो म्हणाला, "राहू दे. मीच धुतो." बिया फळीच्या भेगांत बसल्या होत्या. त्या तो खिळ्यानं एकेक करून काढत राहिला.

त्या दिवसापासून तो खाटेवर पडायला लागला. छताकडं बघायला लागला.

टॉवर पूर्ण झाला. वर चार पांढऱ्या पेट्या बसल्या, खाली बॅटऱ्यांची खोली झाली. आणि मग कुणी आलंच नाही. आठवडे गेले. थोरला शहरात जाऊन आला. कळलं ते असं, की ज्या कंपनीनं टॉवर बांधला ती दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. दुसऱ्या कंपनीच्या हिशेबानं ह्या खळग्यात एवढी माणसंच नव्हती, की त्यासाठी टॉवर चालू करावा. पण मोडायलाही परवडत नव्हता. भाडं पहिल्यांदा आलं तेवढंच. थोरला परत आला तो थेट भावाच्या घरी. ओट्यावर बसला. पाणी दिलं ते प्याला. वायरमन आत पडून होता. थोरल्यानं दारातून एकदा आत बघितलं, आणि उठून गेला. वायरमनिणीला त्याचा राग यायला हवा होता. पण चढावर गुडघ्यांवर हात दाबत जाताना त्याची पाठ दिसली आणि राग धरायला जागाच सापडेना.

मळा उपटून झाला होता. बांबू सोडवले, तार गुंडाळली, सुतळीची गाठन् गाठ सोडून ठेवली. कॅरेटं ठेवायला जागा नव्हती म्हणून वायरमनिणीनं ती खोलीत रचली. मशिनं भिंतीकडं सरकवली. झाडणं बंद झालं होतं. भुसा पंख्यांत बसत होता आणि तिला तो दिसत होता. दूरच्या त्या माणसाचं पुढचं उत्तर आलं असलं तरी ते यायला वाट नव्हती.

मग टॉवरचा एक ठेकेदार गावात आला. बंद टॉवरच्या बॅटऱ्या आणि तांब्याच्या तारा चोरीला जातात, म्हणून राखण हवी होती. लोखंडाची सवय असलेला माणूस मिळाला तर बरं, असं तो ओट्यावर बसून सांगत होता. वायरमन आतून उठून आला. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली.

"चढावं लागेल का?" त्यानं विचारलं.

"वर काय करायचंय? खाली बसायचं. कुणी आलं तर हटकायचं."

"आणि चालू करायचं असलं तर?"

"ते तुझं काम नाही," ठेकेदार म्हणाला. "कुलपाची किल्ली आमच्याकडं राहील. तू जाळीच्या बाहेर बसायचं."

वायरमननं बायकोकडं बघितलं. नको म्हणावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तो उठून दारापर्यंत आला होता. कितीतरी दिवसांनी आला होता. ती म्हणाली, "बघा, जमत असेल तर."

ठेकेदारानं दिलेला शर्ट आधीच्या कुणाच्या तरी मापाचा होता. खांदे खाली उतरायचे. खिशावर विकल्या गेलेल्या कंपनीचं नाव होतं. सासूबाईंनी बाह्या आत दुमडून शिवून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून तो वर जाऊन बसायला लागला. एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक काठी, पाठीमागं जाळी.

संध्याकाळी ती जेवणाचा डबा घेऊन वर जायची. तो जेवायचा, ती बसून राहायची. खाली गावात एकेक दिवा लागायचा. डोक्यावर टॉवर उंचच उंच जायचा आणि त्यावर काहीच लागायचं नाही.

अशाच एका संध्याकाळी मामी चढून आल्या. धापा टाकत दगडावर टेकल्या. पुढच्या हंगामाची रोपं त्यांनी सांगून ठेवली होती. वांगी लावणार होत्या, पण यार्डाचा नियम वांग्यालाही तोच होता. कुठं दूर गेलेल्या भाच्याला फोन करायचा होता तोही लागत नव्हता. तेव्हाचा राग आता त्यांच्यात उरला नव्हता. फक्त थकवा होता. त्यांनी मान मागं टाकून टॉवरच्या शेंड्याकडं बघितलं आणि मग खुर्चीवरच्या माणसाकडं. खोलीत बघायच्या तसं, भरवशानं.

"तू आहेस इथं म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "हे कधी चालू होईल रे?"

वायरमननं घास गिळला. हात पुसला. खुर्चीत थोडा सरळ झाला.

"वरून कळवतील," तो म्हणाला.

मामींनी मान डोलावली, जणू त्यांना काहीतरी कळलं होतं, आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या. वायरमनीण नवऱ्याकडं बघत राहिली. होईल, थोडा वेळ द्या, असं म्हणणारा माणूस तिला ठाऊक होता. त्यासाठी ती त्याच्याशी भांडलीही होती. हा दुसराच कुणी कंपनीच्या शर्टात बसून जेवत होता. तिनं डब्याची झाकणं लावली, मामींचा हात धरला आणि उतार सुरू झाला तिथं त्यांना म्हणाली, "सांभाळून, इथं दगड सुटे आहेत."